साबुदाण्यावरची ओळ

तुझं पत्र रात्री वाचलं आणि सकाळी चहा घेताना परत वाचलं. तू मला ताई म्हटलं आहेस, तेव्हा अहो-जाहो सोडते. नाव छापू नका म्हणालीस, म्हणून इतर वाचकांसाठी एवढंच सांगते: पत्र लिहिणारी मूळची नगरची. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर, आजोबा मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चचे, पाळक. लग्न होऊन २०१३ साली टेक्सासात, डॅलसजवळच्या उपनगरात गेली. घराजवळ मोठं इव्हँजेलिकल चर्च, म्हणजे बायबलचा शब्द अखेरचा मानणाऱ्या आणि धर्मप्रचारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांचं. रविवारी हजारो माणसं, गाड्या लावून द्यायला स्वयंसेवक, आत शिरताच कॉफीचा काउंटर. परक्या गावात तिथल्या बायकांनी हिला जवळ केलं, दुसऱ्या बाळंतपणात महिनाभर डबे पोचवले. (हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस. सोडून आलेली माणसं डब्यांचा उल्लेख बहुधा गाळतात.)

२०१७ मध्ये तू इन्स्टाग्रामवर आलीस. पहाटेचं टेबल, कॉफीचा मग, रुंद समासाचं इंग्रजी बायबल, रंगीत पेनं आणि सुरेख अक्षरात लिहिलेलं एक वचन. पुढे त्याच टेबलाभोवती घर उभं राहिलं: पडदे, मुलांचे डबे, अंगभर कपडे कसे शोभून दिसतात त्याच्या रील. फॉलोअर ब्याण्णव हजार झाले. प्लॅनर विकणारी एक कंपनी आणि अफिलिएट लिंका (त्यांवरून कुणी वस्तू घेतली की मिळणारं कमिशन) यांतून मुलांच्या डे-केअरचा खर्च निघू लागला. मग तीन वर्षांपूर्वी तुझी कॉलेजपासूनची मैत्रीण पुण्यात वारली. ती हिंदू. बायबल अभ्यासाच्या गटात तू रडलीस, तेव्हा एका बाईने तुझा हात हातात घेतला आणि अगदी मायेने, येशूवर विश्वास न ठेवता गेलेली मैत्रीण आता कुठे असेल ते तुला सांगितलं. त्यानंतर तू हळूहळू जायची थांबलीस. नवरा आणि मुलं अजून दर रविवारी जातात.

टेबल मात्र चालूच आहे. तुझ्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही: "सहा महिने झाले, बायबल वाचलेलं नाही, फोटोत रोज वेगळं पान दिसावं म्हणून पान तेवढं उलटते."

तुझे प्रश्न दोन. खरं वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि खरी वागले तर मला बघणार कोण?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आणि कडू आहे. काही काळ फारसं कुणी बघणार नाही. वचनं कमी केलीस तर अकरा हजार माणसं निघून गेली असं तू लिहिलंस, आणखी जातील. इन्स्टाग्राम कसं चालतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ज्यांना तुझ्याकडून वचन हवं आहे त्यांच्यापुढे अस्तर लावलेला पडदा आला की ती थांबत नाहीत. ती थांबत नाहीत हे पाहून यंत्र तो पडदा इतरांनाही कमी दाखवतं. म्हणजे जुना गोतावळा नुसता निघून जात नाही, जाता जाता नव्याची वाटही अडवून ठेवतो. तेव्हा डे-केअरचे पैसे या खात्यातून येणार नाहीत असं धरूनच पुढच्या वर्षाचा हिशोब मांड. भारतात तू हिशोबाचं काम केलेलं आहेस. अर्धवेळ का होईना, ते बघ. पोटाचा प्रश्न कॅप्शनवर अवलंबून असला की कॅप्शन खरी निघत नाही, हे मी अनुभवाने सांगते. तो अनुभव पुढे येईलच.

आता पहिला प्रश्न. नगरच्या मंडळीत वाढलेल्या मुलीला एक शब्द मला समजावून सांगावा लागणार नाही: साक्ष. उभं राहायचं, मी कशी हरवले होते, प्रभूने मला कसं उचललं, आता मी कशी आहे हे चार लोकांपुढे सांगायचं. आजोबांच्या मंडळीत हे प्रसंगाने होत असेल. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मंडळींत मात्र साक्ष हा पाठीचा कणा आहे. आतलं बाहेर काढून दाखवलं की माणूस खरा, असा तिथला रिवाज. इन्स्टाग्रामची लाइफस्टाइल मंडळी त्या मातीत इतकी फोफावली यात नवल नाही. विस्कटलेलं स्वयंपाकघर, डोळ्यांत पाणी, खाली वचन, त्याखाली मगची लिंक. तुझी प्रत्येक पोस्ट ही एक छोटी साक्ष होती. तू ती मनापासून देत होतीस, म्हणून ती चालली.

आणि आता, चर्च सोडून आलेल्यांपैकी एक बाई तुला सांगते आहे की सगळं कॅमेऱ्यासमोर सांग, रडू आलं तर रड, लाखभर नवे लोक मिळतील. मिळतीलही. पण ती तुझ्याकडे काय मागते आहे ते नीट बघ. मी कशी फसले होते, माझे डोळे कसे उघडले, आता मी कशी मोकळी आहे. अगं, ही साक्षच आहे. दिशा तेवढी उलटी.

जोशुआ हॅरिसचं नाव तुला ठाऊक असणारच. डेटिंग करूच नये असं सांगणारं पुस्तक त्याने १९९७ मध्ये लिहिलं आणि एका अख्ख्या पिढीच्या मुलींना त्याने घडवलं, किंवा बिघडवलं. जुलै २०१९ मध्ये त्याने इन्स्टाग्रामवरच जाहीर केलं की आपण आता ख्रिस्ती राहिलेलो नाही. इथवर मला त्याच्याविषयी आदरच वाटतो. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकाचं प्रकाशन थांबवायला छाती लागते. पण २०२१ च्या ऑगस्टमध्ये तोच माणूस श्रद्धेची उकल करू पाहणाऱ्यांसाठी एक कोर्स घेऊन आला. किंमत २७५ डॉलर. ज्यांना त्या पुस्तकाने दुखावलं त्यांना फुकट देऊ असंही म्हणाला. लोक एवढे संतापले की काही दिवसांतच त्याने तो मागे घेतला. लोक त्याला ढोंगी म्हणाले. मला तो ढोंगी वाटत नाही. वीस वर्षं ज्या हाताने एकच काम केलं, तो हात रिकामा झाल्यावर तेच काम करू लागला, इतकंच. तुझाही हात तेच करू लागेल, म्हणून सांगते आहे.

सोडून आलेल्यांना तिकडे एक्सव्हँजेलिकल म्हणतात. ब्लेक चॅस्टेन नावाच्या माणसाने २०१६ मध्ये तो हॅशटॅग सुरू केला, आणि कित्येकांना आपण एकटे नाही हे त्यामुळे कळलं. त्याची मी थट्टा करणार नाही. माणसं खूप आहेत हेही खरं. प्यू रिसर्च सेंटरच्या मोठ्या पाहणीत २००७ मध्ये अमेरिकेतले ७८ टक्के प्रौढ स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, २०२३-२४ मध्ये ६२ टक्के. पण म्हणून तुझ्यासाठी तयार श्रोते बसलेले आहेत असं समजू नकोस. जी बाई अशा चर्चमधून बाहेर पडते, तिला पहाटेचं नीटनेटकं टेबल बघून बहुतेक पोटात गोळा येतो. सकाळ कशी सुरू करावी, नवऱ्याशी कसं बोलावं, कपाट कसं लावावं हे हसऱ्या चेहऱ्याने सांगणाऱ्या बायकांपासूनच तर ती पळालेली असते. तिच्यापुढे तू तेच टेबल वचनाशिवाय मांडलंस तर ती का थांबेल? आणि वचनवाली का थांबेल? तुझी कोंडी इथे आहे. तू दोन्ही बाजूंना थोडीथोडी खोटी दिसते आहेस, आणि त्यात लोकांची चूक नाही.

आता माझी गोष्ट.

एका साप्ताहिकात मी पंधरा वर्षं पाककृती लिहिल्या. त्यात उपवासाचे पदार्थ फार लोकप्रिय होते. कृतीच्या वर मी नेहमी एक ओळ टाकायची: "आमच्याकडे चतुर्थीला पहाटे साबुदाणा भिजतो, आणि घर जागं होतं." वगैरे. संपादकांना त्या ओळी फार आवडत. या पंधरांपैकी शेवटची सहा वर्षं मी एकही चतुर्थी धरली नव्हती. काही मोठं घडलं नव्हतं, सुटलं ते सुटलं. सांगलीला एका प्रदर्शनात एक बाई भेटल्या. माझी खिचडी त्यांच्या घरी दर चतुर्थीला होते म्हणाल्या, आणि सहज विचारलं, आज तुम्ही काय घेतलंत? त्या दिवशी चतुर्थी होती हे माझ्या गावीही नव्हतं. तासाभरापूर्वी मी स्टँडजवळ मिसळ खाल्ली होती. मी म्हणाले, राजगिऱ्याचा लाडू.

परतीच्या गाडीत मी खूप विचार केला. लाज वाटली, पण ती नेमकी कशाची ते कळेना. खिचडीत काही खोटं नव्हतं. साबुदाणा किती पाण्यात भिजवायचा, कूट किती भरड ठेवायचं, झाकण कधी काढायचं हे मी हजार वेळा करून लिहिलेलं. खोटी होती ती वरची ओळ. तेव्हापासून मी ओळ लिहायची सोडली. कबुलीजबाब दिला नाही, "मी उपवास का सोडले" असा लेखही लिहिला नाही. फक्त ओळ गाळली. संपादक कुरकुरले. ती गेल्याचं दोनच वाचकांच्या लक्षात आलं, आणि त्यातल्या एक सांगलीच्या होत्या.

तेव्हा तुझ्या खात्यातला साबुदाणा कोणता आणि वरची ओळ कोणती ते आधी वेगळं कर. तू पाठवलेल्या आकड्यांत मला एक गोष्ट दिसली, तिच्याकडे तुझं लक्ष कसं गेलं नाही कोण जाणे. सगळ्यात जास्त लाइक वचनाच्या पोस्टना आहेत. पण सगळ्यात जास्त लोकांनी सेव्ह करून ठेवलेल्या पाच पोस्टपैकी चारांत वचनच नाही. पडद्याला अस्तर कसं लावायचं, जुन्या चादरींची गोधडी, भाजी न खाणाऱ्या मुलाचा डबा, आणि तो शिलाई मशीनचा दोरा सारखा तुटतो त्याचा व्हिडिओ. लाइक देताना माणूस मान डोलावतो. सेव्ह करतो तेव्हा त्याला ती गोष्ट परत लागणार असते. शिवण तुला आजीने शिकवली म्हणालीस. ती तू कुणाकडून उसनी घेतलेली नाहीस, आणि ती खरी ठरायला तुला कशावर विश्वास ठेवावा लागत नाही.

तुझं माझ्याइतकं सोपं नाही, हे कबूल. माझी ओळ कृतीच्या वर होती. तुझ्या कित्येक पोस्टमध्ये ओळ हीच खिचडी आहे, ती काढली तर ताट रिकामं. ती ताटं आता वाढू नकोस.

याची ढळढळीत उदाहरणं तिकडेच आहेत. यूट्यूबवरचे रेट आणि लिंक हे दोघे एकेकाळी कॉलेजांतून धर्मप्रचार करणाऱ्या संस्थेत काम करत. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या पॉडकास्टवर, सावकाश, दोघांनी वेगवेगळं, आपली श्रद्धा कशी गेली ते सांगितलं. पुष्कळ लोक दुखावले. पण त्यांचा रोजचा कार्यक्रम चित्रविचित्र पदार्थ चाखण्याचा आणि वात्रटपणाचा होता, तो पूर्वीसारखाच चालू राहिला. त्याच वर्षी जूनमध्ये लेखिका रेचल हॉलिसने घटस्फोट जाहीर केला. तिचा वाचकवर्ग बराचसा ख्रिस्ती बायकांचा. नवराबायको मिळून संसार कसा टिकवावा यावर पॉडकास्ट करत होते, शिबिरं घेत होते. घटस्फोटाबद्दल कोण कुणाला काय बोलणार? पण ज्यांनी पैसे भरून ती शिबिरं केली होती त्या बायकांना वाटलं, आपल्याला ओळच विकली. श्रद्धा सोडण्यापेक्षा ओळ विकल्याने माणसं जास्त दुखावतात, असं मला दिसतं. ख्रिस्ती लेखिका जेन हॅटमेकरचं उदाहरणही तुला कुणीतरी देईल. तिने २०१६ मध्ये समलिंगी विवाहाला उघड पाठिंबा दिला, सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाच्या लाइफवे दुकानांनी तिची पुस्तकं काढून टाकली, आणि तरीही ती आज लिहिते, बोलते, लोक ऐकतात. खरं आहे. पण तेव्हाच तिचं नाव घराघरांत होतं. तिच्या गावाला जाणारी गाडी तुझ्या स्टेशनवर थांबतेच असं नाही.

मग करायचं काय? ते टेबल उद्यापासून बंद. निरोपाचं रील नको. पान उलटून काढलेले सहा महिन्यांचे फोटो खात्यातून काढ. त्याआधीच्या पोस्ट ठेव. तेव्हा तू ज्यावर विश्वास ठेवत होतीस ते खरोखर ठेवत होतीस. आज पटत नाही म्हणून कालची तू खोटी ठरत नाहीस, आणि त्या पोस्टनी कुणाला आधार दिला असेल तर तो त्यांच्याकडे राहू दे. प्लॅनरच्या कंपनीला आधी कळव, पत्राने, कराराची अट वाचून. त्यांना फसवल्याची भावना आली तर तिथूनच बोभाटा होईल. मग साधी चार-पाच वाक्यं लिही. तू इंग्रजीत लिहिशील, मी मराठीत अंदाज देते:

"गेला काही काळ मी चर्चला जात नाही. माझ्या श्रद्धेविषयी इथे लिहिणार नाही, कारण मला स्वतःलाच अजून नीट ठाऊक नाही. जुन्या पोस्ट मनापासूनच्या होत्या म्हणून ठेवल्या आहेत. अलीकडच्या काही नव्हत्या, त्या काढल्या. यापुढे इथे शिवण आणि डबे असतील."

यात कुणावर आरोप नाही, मैत्रिणीचं नाव नाही, त्या हात धरणाऱ्या बाईचंही नाही. मैत्रिणीचा मृत्यू ही तुझी सगळ्यात खरी गोष्ट आहे, आणि नेमकी म्हणूनच ती रीलमध्ये घालू नकोस. नवऱ्याला हे चार ओळींचं टिपण आधी दाखव. रविवारी त्या पार्किंगमध्ये मुलांचा हात धरून उतरायचं आहे ते त्याला. मुलं त्या खात्यात आहेत, त्यांचे चेहरेही आता कमी कर. चर्चला जाणारी मुलं सोडून आलेल्या आईच्या खात्यावर दिसली की दोन्हीकडचे लोक त्यांच्याविषयी बोलू लागतील.

"प्रार्थना करतेय" म्हणणाऱ्यांना आभार लिही. त्यातल्या निम्म्या मनापासून करत असतील. गुपचूप मेसेज करून "मीही थांबले आहे, कुणाला सांगितलं नाही" म्हणणाऱ्या पाचसहा जणी असतील, तू लिहिलंस तशा. त्यांच्याशी बोल. पण त्यांचा गट करू नकोस, निदान वर्षभर. गट केलास की आठवड्याला काहीतरी द्यावं लागेल, आणि महिन्याभरात तू पुन्हा गटप्रमुख होशील.

अजून एक. फोटोत खमिराचा पाव आणि भोपळ्याचं सूप असतं, आणि कॅमेऱ्याबाहेर आपण भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खातो, हे तू हसत हसत लिहिलंस. कुणीतरी सल्ला देईल की आता भाकरी दाखव, मुळांकडे परत ये, ते खरं. मुलांच्या डब्यात भाकरी असेल तर ती दिसू दे, बिनधास्त. पण भाकरीची साक्ष देऊ नकोस. "हरवले होते, भाकरीने सापडले" ही ओळही साबुदाण्यावरचीच.

"मी आता ख्रिस्ती आहे का, तेही सांगता येत नाही," असं तू शेवटी लिहिलंस. मी तुझ्या धर्मातली नाही, तेव्हा जपून बोलते. डॅलसचं ते चर्च म्हणजे ख्रिस्ती धर्म नव्हे, हे नगरच्या मुलीला मी काय सांगणार. तुझ्या आजोबांची मंडळीही अमेरिकन मिशनऱ्यांनीच लावलेलं रोप, पण त्याला पाणी इथलं मिळालं. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. त्यांनी मिशन सोडलं, ख्रिस्त सोडला नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मभगिनींशी वाद मांडला. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता दुसरं घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. दहा वर्षांनी पुण्यात, त्यांनी मुलींसाठी काढलेल्या शारदासदनात मुलींना ख्रिस्ती करतात या आरोपावरून पाठीराखे गेले, मुली काढून नेल्या. त्यांचे प्रेक्षक दोन्हीकडून गेले म्हण ना. तू त्यांच्यासारखी हो असं मी म्हणत नाही. टिळक आणि रमाबाई होणं फार महाग असतं. एवढंच की तू जिथे उभी आहेस ती जागा तुमच्या घरात नवी नाही. कदाचित तू टिळकांच्या वाटेने जाशील, कदाचित सगळंच सुटेल. दोन्हींपैकी काय, ते चार महिन्यांत कॅप्शनसाठी ठरवायची गरज नाही.

राहिली आई. तुझी प्रत्येक पोस्ट ती महिला मंडळात फोनवर दाखवते, असं तू अगदी पत्राच्या तळाशी, जाता जाता लिहिलंस. मला वाटतं ब्याण्णव हजारांत तुला भीती आहे ती या एकीची. ते चार ओळींचं टिपण टाकण्याआधी तिला सांग. व्हॉट्सॲपवर लिहून नको, फोन कर. रविवारी सकाळी नऊला नवरा आणि मुलं बाहेर पडतात, घर रिकामं असतं. नगरला तेव्हा संध्याकाळचे साडेसात, थंडीत साडेआठ. सकाळची उपासना होऊन गेलेली, बहुतेक भाकऱ्या चाललेल्या असतील. तिने आधी मुलांचं विचारलं तर आधी मुलांचंच सांग.